सामन्याच्या यादीत नाव येईपर्यंत

परदेशातून आलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला फुटबॉल क्लबात घ्यायचं म्हटलं तर सराव पहिल्याच दिवशी सुरू करता येतो. अधिकृत सामना मात्र कागदांवर अडतो. गेल्या हंगामात आमच्या हौशी क्लबात अशा काही मुलामुलींच्या नोंदणीचं काम माझ्याकडे होतं. ते आता मार्गी लागलंय. सुरुवातीला कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं, कारण नियम इतरांना सांगण्यापुरते सगळ्यांना ठाऊक होते, अर्ज मात्र कुणीच भरलेला नव्हता. तुमच्या क्लबात असं मूल आलं असेल, किंवा तुम्हीच पालक असाल, तर कुठे काय अडतं ते आधीच कळावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी नियम कशासाठी आहे ते, कारण ते कळलं की कागद का मागतात हेही कळतं. फिफाच्या खेळाडू-नोंदणीच्या नियमावलीत १९वा अनुच्छेद अल्पवयीन खेळाडूंचा. मूळ नियम सरळ आहे: एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत बदली फक्त अठरा पूर्ण झालेल्या खेळाडूची. परक्या देशात आयुष्यातली पहिलीच नोंदणी करणाऱ्या मुलालाही हाच नियम लागतो. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यांतल्या एकात बसतो अशी मंजुरी मिळाली तरच मुलाची नोंदणी होते. २००१ साली तो आला, कारण गरीब देशांतल्या कोवळ्या पोरांना मोठ्या क्लबांची स्वप्नं दाखवून नेलं जात होतं आणि जमलं नाही की रस्त्यावर सोडलं जात होतं. नियमाला दातही आहेत. २०१४ मध्ये बार्सिलोनावर याच अनुच्छेदाखाली सलग दोन बदली-मुदतींची (म्हणजे नवे खेळाडू घेता येतात त्या ठराविक काळांची) बंदी आली. पुढे रेआल माद्रिद, अॅटलेटिको माद्रिद आणि चेल्सी यांच्यावरही तशीच कारवाई झाली. बार्सिलोनाच्या प्रकरणात क्लबाबरोबर काही मुलांनीही भोगलं. ती बराच काळ अधिकृत सामन्यांविना राहिली.

नियम बड्या क्लबांना आवर घालायला केला, पण आई-बापांबरोबर देश सोडून आलेला आणि फक्त ओळखी व्हाव्यात म्हणून खेळायला आलेला मुलगाही त्याच चाळणीतून जातो. माझ्या मते चाळणी हवीच. हौशी क्लबाने एवढंच करायचं की ती लवकर ओलांडायची. उशीर झाला की मूल कंटाळून निघून जातं, आणि ज्यासाठी आपण त्याला मैदानावर आणलं तेच राहून जातं.

आमचं काम मार्चमध्ये सुरू झालं. हंगाम सप्टेंबरला सुरू होणार होता, त्यामुळे भरपूर वेळ आहे असं सगळ्यांना वाटत होतं. तसा तो नसतो. पहिली पायरी अर्ज नाहीच, गप्पा आहेत. मुलाला आणि पालकांना बसवून एकच गोष्ट नीट काढून घ्यायची: आधीच्या देशात हा कुठल्या क्लबात *नोंदवलेला* होता का? ‘खेळायचास का?’ असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. शाळेच्या संघात, गल्लीत, छावणीत, सगळीकडे खेळलेला असतो. म्हणून विचारायचं असं: फोटो असलेलं ओळखपत्र होतं का? सामन्याआधी पंच ते तपासायचे का? पालकांनी कुठे सही केली होती का? वर्षाची वर्गणी किंवा विमा भरला होता का? यातल्या दोन गोष्टींना हो आलं, तर तो बहुधा नोंदवलेला होता असं धरून चालायचं.

उत्तरावर वाट ठरते. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे आयटीसी, लागत नाही. (जुन्या देशाच्या संघटनेने नव्या देशाच्या संघटनेला द्यायचा हा बदलीचा दाखला.) (ही मर्यादा २०१५ पर्यंत बारा होती, जुन्याजाणत्या प्रशिक्षकांच्या डोक्यात अजून बाराच असते.) दहा ते अठरामधलं मूल आधी नोंदवलेलं असेल तर आधी अपवादाची मंजुरी, मग आयटीसी. कधीच नोंदवलेलं नसेल तर आयटीसीचा प्रश्न नाही, पण परकीय नागरिकाची पहिली नोंदणी म्हणून मंजुरी लागतेच. घोडं इथेच पेंड खातं. ‘कधी खेळलाच नाही, मग कसली परवानगी?’ असं म्हणून क्लब थेट नोंदणी करून टाकतात आणि नंतर अडचणीत येतात.

दुसरा प्रश्न, कोणत्या अपवादात बसतो? सर्वांत जास्त वापरला जाणारा अपवाद असा: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी या देशात राहायला आले. नोकरी, शिक्षण, लग्न, युद्ध, काहीही असो, कारण फुटबॉल नसावं. दुसरा, मूल पालकांविना जिवाच्या किंवा स्वातंत्र्याच्या भीतीने पळून आलं आणि निदान तात्पुरतं तरी राहायची परवानगी त्याला मिळालेली आहे. तिसरा, शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून ठराविक काळासाठी आलेला विद्यार्थी. याची नोंदणी जास्तीत जास्त एका वर्षाची आणि तीही निव्वळ हौशी क्लबात. चौथा सीमेवरच्यांसाठी: घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत, आणि दोहोंमधलं अंतर १०० किलोमीटरच्या आत. युरोपीय संघाच्या आत सोळा ते अठरा वयासाठी वेगळी तरतूद आहे. तिच्यात शिक्षणाची आणि राहण्याची सोय क्लबाने दाखवावी लागते. आणि एक तरतूद लोक हमखास विसरतात. ज्याची पहिलीच नोंदणी आहे आणि जो सलग पाच वर्षं याच देशात राहतोय, त्याला त्या आधारावर नोंदवता येतं. शाळेचे पाच वर्षांचे दाखले जोडले की काम होतं, म्हणून शाळेत जुन्या निकालपत्रकांची मागणी आधीच करून ठेवा.

संघटनेला पहिला ईमेल पाठवाल तेव्हा अर्ज कसा करायचा हे नंतर विचारा. आधी हे विचारा: ‘आपल्या संघटनेकडे हौशी अल्पवयीनांसाठी फिफाची मर्यादित सूट आहे का?’ ही सूट संघटनेने फिफाकडून घेतलेली असली, तर निव्वळ हौशी क्लबातल्या हौशी मुलाचं प्रकरण दर वेळी फिफाकडे पाठवावं लागत नाही, राष्ट्रीय संघटनाच निर्णय देते. नसली, तर अर्ज फिफाच्या संगणकीय प्रणालीतून जातो आणि निर्णय २०२१ पासून फिफाच्या फुटबॉल ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, असतो. दोन्हीकडे कागद जवळजवळ तेच, पण थांबण्याचा काळ वेगळा. प्रणालीत क्लबाला किंवा पालकांना स्वतः शिरता येत नाही, सगळं संघटनेमार्फत. म्हणजे तिथल्या एका माणसाचा थेट फोन आणि ईमेल मिळवणं हे पहिल्या महिन्यातलं सर्वांत उपयोगाचं काम.

एप्रिल कागदांत गेला. यादी दिसायला छोटी असते: मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि दोन्ही पालकांचं पारपत्र किंवा ओळखपत्र, राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, पालकाच्या नोकरीचा करार किंवा काम करण्याचा परवाना, आणि पालकांचं सहीचं निवेदन. पण यातल्या प्रत्येक कागदात काही ना काही खोट निघते.

जन्मदाखल्यापासून सुरू करू. पळून आलेल्या कुटुंबाकडे तो नसतोच, किंवा फोनमध्ये काढलेला पुसट फोटो असतो. अशा वेळी आश्रय देणाऱ्या सरकारी खात्याने दिलेला ओळखीचा कागद हाच आधार. त्यावर जन्मतारीख बघा. जिथे तारीख सिद्ध करता येत नाही तिथे अधिकारी अनेकदा १ जानेवारी टाकतात. एकाच संघात तीन मुलांचा वाढदिवस १ जानेवारीला असला की पाहुण्या संघाचे पालक कुजबुजायला लागतात, आणि वयचोरीचा आरोप मैदानावरच होतो. बऱ्याच स्पर्धांत वयोगट जन्मवर्षावर ठरतो, त्यामुळे तारखेपेक्षा वर्ष महत्त्वाचं. सरकारी कागदावर आहे तेच वय सगळीकडे लिहायचं. मुलाने स्वतः सांगितलेली ‘खरी’ तारीख अर्जात घातली की दोन कागद जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. वय ठरवायला क्लबाने आपल्या बळावर वैद्यकीय तपासणी करायला लावणं तर सपशेल चूक. तो क्लबाचा अधिकारच नाही.

नावांचं प्रकरण त्याहून चिवट. एकाच मुलाचं नाव पारपत्रावर एका स्पेलिंगने, शाळेत दुसऱ्या, जुन्या क्लबाच्या कार्डावर तिसऱ्या. काही समाजांत आडनावच नसतं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव लागतं, मग अर्जातली आडनावाची जागा भरायची कशाने? उपाय असा: पारपत्रावर किंवा राहण्याच्या परवान्यावर जसं आहे तसं, एकही अक्षर न बदलता मुख्य रकान्यात घालायचं, आणि सोबत एका वेगळ्या पानावर बाकीची सगळी रूपं लिहून ‘ही सर्व नावं याच व्यक्तीची आहेत’ असं पालकांच्या सहीने द्यायचं. आधीच्या देशातली संघटना जुनं रूप शोधते. ते आपण दिलंच नाही तर ‘असा खेळाडू आमच्याकडे नाही’ असं उत्तर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता पालकांचं निवेदन. यात आम्ही इथे का आलो हे लिहायचं असतं. भाबडेपणाने लिहिलेलं एक वाक्य अख्खा अर्ज बुडवू शकतं. ‘मुलाला चांगला फुटबॉल खेळता यावा आणि आम्हालाही नोकरी मिळाली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला पहिला अर्धाच दिसतो. खोटं लिहा असं सांगत नाही. कुटुंब खरोखर नोकरीसाठी आलं असेल तर तेच लिहा, आणि तारखांचा क्रम दाखवा: नोकरीचा करार या तारखेचा, देशात प्रवेश या तारखेला, शाळेत नाव या तारखेला, क्लबात पहिल्यांदा आला तो त्यानंतर. तारखा या क्रमाने असल्या की निवेदन चार ओळींचं पुरतं. क्रम उलटा असेल, म्हणजे क्लबाशी बोलणं आधी आणि नोकरी नंतर, तर प्रकरण मुळातच अवघड आहे हे पालकांना आधीच स्पष्ट सांगावं.

एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न येणारच. मृत्यूचा दाखला, ताब्याबद्दलचा न्यायालयीन आदेश किंवा दुसऱ्या पालकाची संमती, यांपैकी जे असेल ते सुरुवातीलाच जोडा. मूल काका-मावशीकडे राहत असेल तर ‘पालक आले’ या अपवादात ते सहसा बसत नाही. नातेवाईक म्हणजे पालक नव्हेत. एकट्याने आलेल्या मुलाच्या अर्जावर सही कोण करणार हेही आधी ठरवून घ्या. वसतिगृहाचा काळजीवाहक सही करायला तयार असतो, पण त्याला अधिकार असतोच असं नाही. न्यायालयाने किंवा बालकल्याण खात्याने नेमलेला कायदेशीर पालक हवा, आणि त्या नेमणुकीलाच बराच वेळ लागतो. त्याची सही घेताना एकाच भेटीत सगळं उरकून घ्या: नोंदणीची संमती, वैद्यकीय उपचाराची संमती, बाहेरगावच्या सामन्यांना नेण्याची संमती, आणि फोटोची संमती किंवा नकार.

फोटोवर जरा थांबतो. क्लबाला नव्या खेळाडूचा फोटो टाकायची हौस असते. पळून आलेल्या कुटुंबाला तोच फोटो महागात पडू शकतो. मागे राहिलेले नातेवाईक असतात, शोधणारे असतात. म्हणून आमचा नियम असा की लेखी होकार असेल तरच फोटो, आणि नावासकट कधीच नाही. याच कारणाने, जुन्या देशातल्या संघटनेशी पत्रव्यवहार होण्याआधी तो होणार आहे का, हे आपल्या संघटनेला विचारून कुटुंबाला सांगा. भीती वाटत असेल तर त्यांनी ती तेव्हाच बोलून दाखवली पाहिजे.

खर्चाचं सांगायचं तर आयटीसी फुकट असते. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की ती विनाअट, विनाशुल्क आणि विनामुदत द्यायची. तेव्हा ‘तिकडच्या संघटनेतून सर्टिफिकेट काढून देतो, इतके लागतील’ असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरा पैसा जातो तो भाषांतराला. फिफाला चालणाऱ्या भाषांपैकी एकीत, उदाहरणार्थ इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये, कागद नसला तर अनुवाद जोडावा लागतो, आणि अनुवादक पानागणिक पैसे घेतात. नोकरीचा वीस पानी करार अख्खा भाषांतरित करण्याआधी कोणती पानं हवीत ते संघटनेला विचारा; पुष्कळदा नावं, पद, तारीख, मुदत आणि सह्या एवढंच पुरतं. मुलाच्या शाळेने किंवा निर्वासितांसाठीच्या संस्थेने हेच कागद आधी भाषांतरित करून घेतलेले असतात, तेव्हा तिथेही एकदा चौकशी करा.

मेच्या मध्यावर अर्ज गेले. स्कॅन करताना एक कागद म्हणजे एक पीडीएफ ठेवा, सगळं एकत्र बांधून पाठवू नका. मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करा, कारण शिक्के पुष्कळदा मागे असतात. राहण्याच्या परवान्याची मुदत अर्ज चालू असतानाच संपणार असेल तर नूतनीकरणाची पोहोच जोडा. आमच्या परत आलेल्या अर्जांत त्रुटी कुठल्या होत्या म्हणाल तर अगदी किरकोळ: एका पानावरची सही पारपत्रावरच्या सहीशी न जुळणारी, पत्त्याचा पुरावा जुना, वडिलांचा करार जोडला पण मुदत संपलेला. एकाही अर्जात मुळातला दोष नव्हता, आणि तरी प्रत्येक फेरीत आठवडे गेले. राग येतो. पण समोरच्या लिपिकाकडे फक्त कागद असतो, मूल नसतं, हे ध्यानात ठेवलं की ईमेलची भाषा नीट राहते आणि कामही पुढे सरकतं.

या थांबण्याच्या काळातच मुलं गळतात. सरावाला मंगळवारी-गुरुवारी येणारा मुलगा शनिवारी घरी असतो. सोमवारी शाळेत सगळे शनिवारच्या सामन्याबद्दल बोलतात आणि त्याला बोलायला काही नसतं. दोन-तीन शनिवार गेले की तो मंगळवारीही येईनासा होतो. म्हणून शनिवारी त्याला काही तरी खरं काम हवं. पाण्याच्या बाटल्या उचलणं हे काम नव्हे, पोरांना तो अपमान लगेच कळतो. संघाची आकडेवारी लिहिणं, बदली खेळाडूंना तापवणं, लहान गटाच्या सरावात मदत, स्थानिक नियमात बसत असेल तर रेषेवर झेंडा धरणं, हे चालतं. आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडली ती पंचांची प्राथमिक शिकवणी. तिला आयटीसी लागत नाही, नियमांची भाषा कानावर पडते आणि शनिवारी मैदानात उभं राहायला कारण मिळतं.

पळवाटा मात्र नकोत. दुसऱ्याच्या कार्डावर खेळवणं ही सरळ फसवणूक, आणि पकडलं गेलं तर शिक्षेची झळ ज्याचा परवानाच कच्चा आहे त्या मुलाला सर्वांत जास्त. ‘मैत्रीपूर्ण सामना आहे, चालतंय’ हेही खरं नाही. संघटनेच्या परवानगीने होणारा सामना संघटित फुटबॉलमध्येच मोडतो. ‘तोवर फुटसाल (पाच-पाच जणांचा, सहसा बंदिस्त जागेतला फुटबॉल) खेळवू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, फुटसालही फिफाचाच खेळ आहे, त्याचीही आंतरराष्ट्रीय बदली वेगळ्या प्रमाणपत्राने होते आणि अल्पवयीनांचे नियम तिथेही लागू. शाळेचे सामने, गल्लीतले सामने, संघटनेबाहेरच्या स्पर्धा यांना हरकत नसते. विमा बघून घ्या: बऱ्याच ठिकाणी संघटनेचा विमा नोंदणी झाल्यावरच सुरू होतो, म्हणजे सरावात पाय मोडला तर खर्च कुणाचा हे आधी ठरलेलं हवं. आणि तुमच्या क्लबाची अकादमी असेल, तर तिथे नियमित येणाऱ्या अल्पवयीनांची माहिती संघटनेला कळवणं नियमानेच बंधनकारक आहे, नोंदणी झालेली असो वा नसो.

संघात मिसळण्याचं काम याच काळात होतं, किंवा होत नाही. एकाच देशातून आलेली पोरं सरावात आपोआप एकत्र उभी राहतात. पहिल्या महिन्यात ते चालू द्यावं, कारण निदान एकाला तरी भाषा कळते. नंतर जोड्या प्रशिक्षकाने पाडायच्या, ‘आपापले गट करा’ हे वाक्य बंद. मैदानावर लागणारे शब्द वीस-पंचवीसच असतात: मागे माणूस, वेळ आहे, वळ, सोड, बाहेर काढ, माझा. ते एका कागदावर चित्रासकट काढून कपडे बदलायच्या खोलीत लावले. उलट दिशेनेही एक केलं: नव्या मुलाच्या भाषेतले तीन शब्द सगळ्यांनी शिकायचे. ते मुख्यतः हसण्यासाठी वापरले गेले, पण वापरले गेले.

मिश्र संघात खेळल्याने मनं बदलतात का, यावर भाबडी विधानं फार ऐकू येतात. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इराकमधला एक प्रयोग आला होता. आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या हौशी फुटबॉल संघांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून काही संघांना मुस्लिम सहखेळाडू दिले आणि काहींना ख्रिस्तीच. मिश्र संघातले खेळाडू पुढे मैदानावर बदललेले दिसले: पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला तयार, महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करणारे, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीचं मत देणारे. मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांबरोबरच्या सामाजिक व्यवहारात मात्र तसा बदल फारसा उतरला नाही. मला हे पटतं. फुटबॉल ओळखीच्या माणसापुरतं काम करतो. त्यापुढे न्यायचं तर ओळख मैदानाबाहेर न्यावी लागते, आणि त्याचं साधन अगदी गद्य आहे: गाडी. बाहेरच्या सामन्यांना कोण कुणाच्या गाडीतून जाणार याची यादी आम्ही पालकांवर न सोडता स्वतः करायला लागलो, दर वेळी जागा बदलून. एक तास जाताना, एक तास येताना, मागच्या सीटवर तिघं दाटीवाटीने. तिथे जेवढं बोलणं झालं तेवढं सरावात कधीच झालं नाही. गाडी नसलेल्या पालकांना पुढच्या सीटवर बसवून न्यायचं. लहान मुलं गाडीत असली की मोठी माणसं दोन हवीत, हा सुरक्षेचा नियम मात्र सोडायचा नाही.

संघाचा व्हॉट्सअॅप गट हा दुसरा अडथळा. वेळ बदलल्याचा निरोप स्थानिक भाषेत, आद्याक्षरांत, रात्री दहाला येतो. नव्या पालकांना तो कळत नाही, मूल जुन्या वेळेला येऊन रिकाम्या मैदानावर उभं राहतं, आणि प्रशिक्षक म्हणतो, ‘यांना शिस्तच नाही.’ निरोपाचा साचा ठरवून टाका: वार, तारीख, वेळ, ठिकाणाचा नकाशा, काय आणायचं. बाकी गप्पांचा गट वेगळा.

मुलींच्या बाबतीत बूट-जर्सीइतकाच डोक्यावरच्या रुमालाचा प्रश्न येतो, आणि तो सुटलेला आहे हे अनेकांना माहीत नसतं. खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१४ मध्येच त्याला परवानगी दिली. अट एवढीच की तो काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा असावा, जर्सीला जोडलेला नसावा, त्यात टाचणीसारखं इजा करणारं काही नसावं, आणि कुठलंही टोक बाहेर लोंबू नये. नियमाचं ते पान फोनमध्ये ठेवा. एखादा पंच अडला तर वाद न घालता दाखवता येतं. मुली सोडून जातात त्या बहुतेक वेळा याहून साध्या कारणाने: सराव अंधार पडल्यावर संपतो आणि परतायची सोय नसते. सराव तासभर अलीकडे आणला की उपस्थिती सुधारते.

ऑगस्टमध्ये मंजुऱ्या येऊ लागल्या. मंजुरी आली म्हणजे नोंदणी झाली असं समजून खेळवू नका. मंजुरीनंतर, आधी नोंदवलेल्या मुलासाठी, संघटना जुन्या संघटनेकडे आयटीसी मागते, ती आली की नोंदणी, आणि नोंदणी प्रणालीत दिसली की मगच सामना. मंजुरीआधी आयटीसी मागताच येत नाही, त्यामुळे हे दोन टप्पे एकदम चालवून वेळ वाचवता येत नाही. जुन्या संघटनेकडून उत्तरच आलं नाही तर मुदतीनंतर तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे. ती आपोआप होत नाही, आपल्या संघटनेकडे मागावी लागते.

पहिल्या सामन्याच्या दिवशी शिनगार्ड आणि दागिने तपासा. मनगटातला दोरा, कानातलं, गळ्यातला ताईत, काहीही चालत नाही, आणि वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. ताईत आईने बांधलेला असतो. पंचासमोर तो काढायला लावणं वाईट दिसतं, म्हणून घरी आधी सांगून ठेवायचं. पहिल्या सामन्यात निदान अर्धा वेळ तरी खेळवा. शेवटची तीन मिनिटं देणं हे न देण्यापेक्षा वाईट.

आणि एक तयारी नको वाटली तरी करून ठेवा. समोरच्या संघाकडून किंवा कडेवरून वर्णावरून, देशावरून शिवी आली तर काय? ‘दुर्लक्ष कर’ हे प्रशिक्षकाचं नेहमीचं वाक्य, आणि मुलाच्या लेखी त्याचा अर्थ ‘तू एकटा आहेस’ असा होतो. करायचं ते असं: कर्णधार लगेच पंचाला सांगतो. पंचाकडे सामना थांबवणं, काही वेळासाठी खेळ स्थगित करणं आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द करणं, अशी तीन पायऱ्यांची पद्धत असते. मे २०२४ मध्ये फिफाने त्यासाठी मनगटं एकमेकांवर आडवी धरण्याची खूणही ठरवली आहे. सामन्यानंतर ते पंचाच्या अहवालात लेखी आलंय का ते बघा. अहवालात नसलेली तक्रार नंतर उभी राहत नाही.

फाइल जपून ठेवा, एक प्रत कुटुंबाकडे द्या. त्याच देशात क्लब बदलला तर हे सगळं पुन्हा करावं लागत नाही. पण हौशींसाठीच्या त्या मर्यादित सूट-तरतुदीखाली नोंदवलेला मुलगा अठराच्या आत व्यावसायिक क्लबाकडे जाणार असेल तर नवा अर्ज लागतो, आणि तेव्हा हेच कागद, हीच भाषांतरं पुन्हा मागतील. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं की नवी प्रत फाइलमध्ये घाला. विद्यार्थी म्हणून आलेल्यांची नोंदणी केव्हा संपते ती तारीख हंगामाच्या वेळापत्रकावरच लिहून ठेवा, नाहीतर ऐन हंगामात ते नाव यादीतून गळतं.